आजोबांचा फौजी पट्टा भंगारात देऊ नका

आम्ही नवेगाव बांधच्या बचत गटातल्या बाया. आज बोलायचं आहे ते माळ्यावरच्या जुन्या फौजी सामानाबद्दल.

दुसरं महायुद्ध १९३९ ते १९४५ चाललं. आपल्या देशातले सुमारे २५ लाख जवान त्यात होते. आपल्या गोंदियाजवळचं बिरसीचं विमानतळही त्याच काळात इंग्रजांनी बांधलं. घरी परतलेल्या जवानांसोबत काही सामानही आलं. जाड सुती विणीचे खाकी पट्टे, काडतुसांचे खिसे, खांद्यावरची पिशवी, लोकरी कापडात मढवलेली पाण्याची बाटली. रायफलच्या दस्त्यात बसणारी तेलाची छोटी कुपी आणि नळी साफ करायची दोरीही कुठे कुठे सापडते.

पुढे त्या पट्ट्यानं कुणी शेळी बांधली, पिशवीत बियाणं ठेवलं. उरलेलं किलोवर भंगारवाल्याला गेलं. आम्ही आता घरोघरी विचारतो आणि वहीत लिहितो : वस्तू कोणती, कोणाची, घरात कशी आली.

सापडलं की आधी उलटून पाहा. आतल्या बाजूला शाईचा शिक्का असतो, त्यात बनवल्याचं साल असू शकतं. कधी जवानाचा नंबरही लिहिलेला असतो. म्हणून धुऊ नका, शाई जाईल. पितळी बक्कल चिंचेनं घासू नका, अक्षरं झिजतात. कोरड्या फडक्यानं पुसा, सावलीत वारा द्या, सुती कापडात गुंडाळून ठेवा. पावसाळ्यात अधूनमधून उघडून पाहा, बुरशी लवकर धरते.

जिवंत काडतूस, बॉम्बसारखी वस्तू किंवा बंदुकीचा भाग दिसला तर हात लावू नका. मुलांना दूर ठेवा आणि पोलीस ठाण्यात कळवा. असं काही विनापरवाना घरात ठेवणं गुन्हा आहे.

आता सगळ्यात मोलाची गोष्ट. त्याच पिशवीत फौजेतून सुटल्याचा कागद असू शकतो. दुसऱ्या महायुद्धातले जे जवान पेन्शनशिवाय राहिले, त्यांना आणि त्यांच्या विधवांना आपलं राज्य सरकार दरमहा मदत देतं. एखादी नव्वदीची आजी अजून त्यापासून वंचित असेल, तर तो कागद आणि तो नंबर घेऊन जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. तिला एकटीला पाठवू नका, गटातली एक बाई सोबत जाऊ द्या.

पट्ट्याचे भंगारात पाच-दहा रुपये येतील. त्यावरचा नंबर गेला, तर तो परत मिळायचा नाही. आज घरी गेल्यावर माळा एकदा उघडून पाहा.