धुळीच्या चकतीतून ग्रह



आजचा विषय आकाशातला असला तरी आरंभ आपल्याच मातीतून करतो. 1879 साली सातारा जिल्ह्यात आकाशातून एक दगड पडला. उल्कापाषाणांच्या जागतिक यादीत तो ‘कलुंबी’ या नावाने नोंदलेला आहे. आपल्या सह्याद्रीचा काळा कातळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा. हा पाहुणा ज्या जातीचा, तिचे वय साडेचारशे कोटींच्याही पुढे जाते. त्या जातीच्या दगडांत मोहरीएवढे, कित्येकदा त्याहूनही बारीक, गोल मणी सापडतात. हे मणी म्हणजे अवकाशात वितळून थिजलेले थेंब. पृथ्वी पुरती घडली नव्हती तेव्हाचे!

हे थेंब तरंगत होते कुठे? बालसूर्याभोवती वायू आणि धूळ यांची विस्तीर्ण चकती फिरत होती, तिच्यात. अशा फिरत्या वायूतून ग्रह झाले असावेत, ही कल्पना लाप्लास या फ्रेंच गणितज्ञाने 1796 मध्ये मांडली होती. 2014 साली चिलीतील ‘आल्मा’ या रेडिओ दुर्बिणींच्या समूहाने एचएल टॉरी या बालताऱ्याभोवतीची चकती टिपली. तिच्यात एकात एक अशी तेजस्वी कडी आणि मधे काळसर पट्टे स्पष्ट दिसले. हा तारा वृषभ राशीत, सुमारे 450 प्रकाशवर्षे दूर आहे. म्हणजे त्या चित्रातला प्रकाश शिवाजीमहाराजांच्या जन्माआधीच निघालेला. साध्या डोळ्यांना मात्र तो दिसत नाही. आधीच सांगून ठेवतो, नाहीतर गच्चीवर जाऊन मला दोष द्याल.

आता खरी अडचण. धुळीचे सूक्ष्म कण एकमेकांना सहज चिकटतात. सांगलीच्या हळदपेठेतून फिरून आलेल्यांना हे काय सांगावे! पण कणांचे खडे झाले की टक्कर होताच ते उडतात किंवा फुटतात. त्याहून मोठे संकट वायूचे. वायूला स्वतःच्या दाबाचा आधार असल्यामुळे तो खड्यांपेक्षा किंचित सावकाश फिरतो. खड्याला सतत समोरून वारा लागतो, त्याची गती मंदावते आणि तो ताऱ्याकडे घसरू लागतो. पृथ्वी आज जिथे आहे तिथला मीटरभर धोंडा शे-दोनशे वर्षांत सूर्यात जाऊन पडावा, असे गणित निघते. मग आपण इथे बसलो आहोत ते कसे?

याचे एक उत्तर 2005 साली यूडिन आणि गुडमन यांनी दिले. लोणंद-फलटणच्या वाटेवर वारी पाहिलेल्यांना ते चटकन पटेल. दिंडी सावकाश चालते. मागून भरभर येणारा तिला गाठतो आणि तिच्यातच सामील होतो. तसेच खड्यांचे. एकत्र आलेले खडे जवळच्या वायूला आपल्याबरोबर ओढतात, त्यांना वारा कमी लागतो, त्यांची घसरण मंदावते. मागचे एकटे खडे येऊन मिळतात. घोळका पुरेसा दाट झाला की स्वतःच्याच गुरुत्वाने कोसळतो आणि कित्येक किलोमीटरांचा पिंड एकदम तयार होतो. मीटरभर धोंड्याची पायरीच चुकते!

हे बरेचसे संगणकावरचे गणित आहे, हे मान्य. पण 1 जानेवारी 2019 रोजी ‘न्यू होरायझन्स’ यान नेपच्यूनपलीकडील ॲरोकॉथजवळून गेले, तेव्हा अलगद टेकून जुळलेले दोन गोळे दिसले. आदळून जुळले असते तर चुराडा झाला असता. घोळका हळुवार कोसळल्याची ही खूण, असे मला वाटते.

पुढे अशा पिंडांच्या टकरींतून पृथ्वी वाढत गेली. त्याला कोट्यवधी वर्षे लागली. काही पिंड मंगळ आणि गुरू यांच्या मधे तसेच राहिले. कलुंबीचा दगड त्यांतल्याच एकाचा तुकडा. त्या पिंडाला कोणत्याही ग्रहात जागा मिळाली नाही, म्हणून तो साताऱ्यात येऊन पडू शकला.