एआयच्या आधी मॉडबस

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी विचारलं, "सर, इंजिनिअरिंग झालंय, पायथन येतं, एआयचा कोर्सही केलाय. कारखान्यात नोकरी हवी तर आणखी काय शिकू?"

माझं उत्तर जरा जुनाट वाटेल. मॉडबस शिका. 1979 सालचा प्रोटोकॉल, पण भोसरी-चाकणच्या शॉपवर कितीतरी एनर्जी मीटर, टेम्परेचर कंट्रोलर, ड्राइव्ह आजही हीच भाषा बोलतात.

आता गंमत बघा. मॉडबसचं एक रजिस्टर 16 बिटांचं. त्यात 0 ते 65535 एवढेच पूर्णांक मावतात. मग ओव्हनचं 185.6 अंश तापमान पाठवायचं कसं? कुणी 1856 पाठवतं, तुम्ही दहाने भागायचं. कुणी दशांशाचा आकडा दोन रजिस्टरांत तोडून ठेवतं, आणि त्यातलं आधी कुठलं घ्यायचं हे कंपनीगणिक बदलतं. उलटं जोडलं की डॅशबोर्डवर भलताच आकडा. ऑपरेटरने असं दोनदा पाहिलं की तो त्या स्क्रीनकडे फिरकत नाही, सरळ वहीत पेनाने लिहायला लागतो. मग त्या डेटावर तुमचं एआय काय करणार, कपाळ?

तेव्हा घरीच करून बघा. आरएस-485 पोर्टचा एक जुना मीटर आणि यूएसबी कन्व्हर्टर आणा, मॅन्युअलमधला रजिस्टर मॅप उघडा, पायथनने वाचा. लॅपटॉपवरचा आकडा मीटरच्या डिस्प्लेशी जुळेपर्यंत उठू नका. मीटरला 230 व्होल्ट जोडताना मात्र जाणकार माणूस शेजारी हवा, हं!

पुढच्या भागात पीएलसीकडे वळू.