वेग आपला, दम आपला
(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेले भाषण)



लांब पल्ल्याच्या धावण्याचा सराव हा आजचा विषय ऐकून काहीजणी हसल्या. पोटगी, मारहाण, रेशन सोडून धावण्यावर काय बोलायचं? पण बाईने किती श्रम करावेत आणि कुठे थांबावं हे कोणी ठरवायचं, हा प्रश्न आपल्या चळवळीचाच आहे.

१९२८ साली अ‍ॅमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये बायका प्रथमच ८०० मीटर धावल्या. जर्मनीची लीना राडके पहिली आली. शर्यत संपल्यावर काहीजणी दमून मैदानावर आडव्या झाल्या. पुरुषही होतात. पण वर्तमानपत्रांनी गहजब केला, हे अंतर बाईच्या शरीराला झेपणारं नाही म्हणून. ती शर्यत बंद झाली, ती १९६० मध्ये पुन्हा आली. पुरुषांची ऑलिंपिक मॅरेथॉन १८९६ पासूनची. बायकांच्या मॅरेथॉनला १९८४ साल उजाडावं लागलं. आज साताऱ्याच्या माण तालुक्यातली ललिता बाबर आणि नाशिककडची कविता राऊत ही नावं आपल्या मुलींना पाठ आहेत.

आमच्या वस्तीतल्या काहीजणी दहा किलोमीटरच्या शर्यतीसाठी सराव करू लागल्या. सगळ्या सुरुवातीलाच जोरात सुटायच्या आणि थोड्याच अंतरावर कंबरेवर हात ठेवून उभ्या राहायच्या. कारण विचारलं. एक म्हणाली, "ताई, माणसं बघत असतात. लवकर संपवावंसं वाटतं." दुसरी म्हणाली, "सहाला पाणी येतं, तेवढ्यात उरकायचं." म्हणजे त्यांचा वेग त्यांचा नव्हताच. तो लाजेचा आणि नळाचा होता.

मग आम्ही एकच नियम केला. धावताना शेजारणीशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. शब्द तुटायला लागले की वेग कमी करायचा, हवं तर चालायचं. चालण्यात कमीपणा नाही. सावकाश धावताना स्नायूंना प्राणवायू पुरतो आणि शरीर चरबीही जाळतं. फार जोरात धावलं की अंगातला साखरेचा मोजका साठा भराभर संपतो. सावकाश सरावाने हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलायला शिकतं. म्हणून आठवड्यातलं बहुतेक धावणं सावकाश, एखाद्याच दिवशी जोराचं. शर्यतीतही पहिला अर्धा भाग दम राखून. हे बायकांना चांगलं जमतं. अमेरिकेतल्या १४ मॅरेथॉन शर्यतींचा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. शर्यतीच्या उत्तरार्धात बायकांचा वेग पुरुषांपेक्षा कमी घटतो, असं त्यात दिसलं.

घड्याळ मात्र सगळं सांगत नाही. चार घरची धुणीभांडी करून आलेलीला आणि रात्रभर झोपलेलीला तोच वेग सारखा पडत नाही. म्हणून आम्ही रोज विचारतो, "आज दहापैकी किती दम लागला?" सावकाश धावण्याच्या दिवशी आठ उत्तर आलं, तर दुसऱ्या दिवशी विश्रांती. आणि विश्रांतीचा दिवस म्हणजे साठलेल्या गोधड्या धुण्याचा दिवस नव्हे! सरावाची पुस्तकं धरून चालतात की धावून आल्यावर माणूस बसून खातो. बाई धावून आली की चूल पेटवते. ते श्रमही मोजलेच पाहिजेत.

शेवटचं, ताटाचं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय बायकांना रक्तक्षय आढळला. रक्त कमी असेल तर सावकाश धावतानाही धाप लागते. तिला आळशी म्हणू नका, आधी हिमोग्लोबिन तपासा. सराव वाढला आणि खाणं वाढलं नाही, तर पाळी थांबू शकते, हाडं ठिसूळ होतात. पाळी गेली, सुटले, असं म्हणू नका, डॉक्टरांना दाखवा. सगळ्यांच्या मागून उरलंसुरलं खाऊन दहा किलोमीटर होत नाहीत.

तेव्हा गट सुरू करताना बुटांच्या आधी तीन गोष्टी मागा: घरात कामाची वाटणी, ताटात पुरेसं अन्न आणि मैदानावर दिवे व संडास. एवढं मिळालं की वेग आपला आपण ठरवू.