दुधाची रांग आणि आपला नोटीस बोर्ड

(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमातील ‘मला आवडलेलं पुस्तक’ या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला दहा मिनिटं दिली आहेत. माझ्यानंतर छोट्यांचा नाच आहे आणि मेकअप करून बसलेल्या मुलांच्या आया माझ्याकडे कशा बघतायत ते मला इथून दिसतंय. तेव्हा थेट विषयावर येतो.

उद्योग-व्यवसायावरचं एखादं पुस्तक सुचवा, असं समितीने सांगितलं. माझ्या मुलाच्या कपाटात यशाची सूत्रं सांगणारी बरीच पुस्तकं आहेत. त्यातली दोन मी अर्ध्यापर्यंत वाचली. मी सुचवतोय ते वेगळं आहे : ‘माझंही एक स्वप्न होतं’. अमूलच्या वर्गीस कुरियन यांचं हे आत्मकथन. गौरी साळवींनी शब्दांकन केलेलं मूळ इंग्रजी पुस्तक २००५ साली आलं, मराठी अनुवाद सुजाता देशमुखांचा.

दुधाचा आणि आपल्या सोसायटीचा काय संबंध? आपल्या गेटवरच्या पाटीवर ‘सहकारी’ असा शब्द आहे. मी खजिनदार होईपर्यंत मला तो ‘मर्यादित’सारखाच वाटायचा, लिहायची पद्धत म्हणून लिहिलेला.

खेडा जिल्हा तेव्हा मुंबई प्रांतात होता. तिथलं दूध मुंबईला पोचवण्याचं काम पोल्सन कंपनीकडे, आणि शेतकऱ्याच्या हातात काय पडायचं ते मधले दलाल ठरवणार. सरदार पटेलांच्या सल्ल्याने शेतकऱ्यांनी दूध देणंच बंद केलं आणि १९४६च्या डिसेंबरात त्यांचा स्वतःचा संघ नोंदला गेला. त्रिभुवनदास पटेल त्याचे अध्यक्ष. कुरियन १९४९ मध्ये आणंदला आले ते मात्र नाइलाजाने. सरकारी शिष्यवृत्तीवर अमेरिकेत शिकल्याबद्दल सरकारी नोकरी करणं भाग होतं, आणि नेमणूक झाली तिथल्या क्रीमरीत. एकटा, ख्रिस्ती, मांसाहारी माणूस. गावात कुणी घर देईना. शेवटी एका गॅरेजमध्ये राहिले. (आपण भाडेकरू ठेवताना काय काय चौकशा करतो ते आठवून मला हे पान वाचताना जरा कसंसंच झालं.) पुढे नोकरीतून सुटका झाली, सामान बांधून झालं, तेव्हा त्रिभुवनदासांनी गळ घातली की आमची यंत्रं मार्गी लागेपर्यंत तरी थांबा. थांबले ते कायमचे. म्हशीच्या दुधाची पावडर होणार नाही असं परदेशी तज्ज्ञ सांगत होते, ती त्यांचे मित्र दलाया यांनी कशी करून दाखवली, हे सगळं मुळातूनच वाचा.

मला धरून ठेवलं ते दूध-संकलनाच्या साध्या पद्धतीने. सकाळ-संध्याकाळ गावकरी रांगेत उभे. जो आधी येईल तो पुढे, मग जात कुठलीही असो. दूध मापायचं, फॅट तपासायची, आणि सकाळच्या दुधाचे पैसे संध्याकाळी हातात. माणसाचा संघावर विश्वास बसला, कारण हिशेब रोज त्याच्या डोळ्यांसमोर व्हायचा. आणि कुरियन स्वतःला शेवटपर्यंत शेतकऱ्यांचा नोकर म्हणवत राहिले. मालक कोण, याबद्दल तिथे घोळ नव्हता.

मी हे वाचलं तेव्हा आपल्याकडे टँकरचा उन्हाळा चालू होता. जुन्या मंडळींना आठवेल. रोज दोन टँकर, जादा वर्गणी, आणि जिन्यात कुजबुज : समिती टँकरमध्ये पैसे खाते. सतरा घरांनी मेंटेनन्स थांबवला होता. फुकट राबायचं आणि वर चोर ठरायचं, म्हणून मी धुमसत होतो. हिशेब चोख होता हो, पण माझ्या घरी, फायलीत! वर्षातून एकदा सर्वसाधारण सभेत वाचायचा, तोही चहा येईपर्यंत.

दुसऱ्या दिवसापासून मी टँकरच्या पावत्या रोज संध्याकाळी नोटीस बोर्डावर लावायला लागलो. वेळ, वॉचमनची सही, रक्कम. तिसऱ्या आठवड्यात तळमजल्यावरच्या एका वहिनींनी बेल वाजवली. म्हणाल्या, “भाऊ, ही एकच पावती दोनदा धरलीये.” अठराशे रुपये. चूक माझीच. त्या रात्री झोप लागली नाही. सकाळी दुरुस्तीचा कागद माझ्या सहीने बोर्डावर लावला आणि कुणी भेटायच्या आत घरात आलो. त्या महिन्यात सतरापैकी अकरा घरांनी थकबाकी भरली. सहांनी नाही भरली. त्यातल्या दोघांशी माझं अजून बोलणं नाही.

कुरियनांचे म्हणून दोन-दोन ओळींचे सुविचार आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर अधूनमधून येत असतात. मीही पुढे ढकलतो. त्यांनी माझ्यात काही हललं नाही. आठवडाभर त्या गॅरेजात, त्या रांगेत, त्या बिघडलेल्या यंत्रांपाशी राहिलो, तेव्हा कुठे ते माझ्या टँकरपर्यंत आलं. मी काही मोठा वाचक नाही. लोकलमध्ये जागा मिळाली की वाचायचो, एवढंच.

पुस्तक निर्दोष आहे असंही नाही. कुरियन स्वतःवर खूश आहेत, सरकारी बाबूंवर यथेच्छ तोंडसुख घेतात, आणि समोरच्याची बाजू काय होती ते आपल्याला कळत नाही. नंतरची काही भांडणं मी भराभर उलटली. आणि मुलांनो, एवढं दूध देशाला पाजणाऱ्या या माणसाला स्वतःला दूध आवडत नसे. घरी सांगून बघा, उपयोग होणार नाही.

पुढच्या सभेत आपल्यापुढे मोठ्या दुरुस्तीचा विषय आहे. ती रक्कम टँकरच्या कितीतरी पट आहे. माझी समितीला विनंती आहे, मी आता समितीत नसलो तरी, की कंत्राटदाराचं प्रत्येक बिल दर आठवड्याला बोर्डावर लागावं. आणि सभासदांनी ते चष्मा लावून वाचावं.

पुस्तकाच्या तीन प्रती सभागृहातल्या कपाटात ठेवल्या आहेत, चावी वॉचमनकडे. माझी जुनी प्रत बी विंगमध्ये कुणाकडे तरी दोन वर्षं आहे. वाचून झाली असेल तर तीही त्याच कपाटात ठेवा.

चला, मुलांना स्टेज मोकळं करून देतो.