मद्रासहून सापडलेला ‘एशिया’



सुवर्णमहोत्सवी व्याख्यानासाठी एखादा वाङ्मयीन विषय अपेक्षित असताना मी आकाशातील एक धोंडा निवडला, याचे आपणांस नवल वाटेल. मी कला शाखेचा पदवीधर. उमेदीची वर्षे केंद्र सरकारच्या फायलींत गेली. परंतु हा धोंडा आपण राहतो त्या शहराचा आहे, आणि ही गोष्ट येथील फार थोड्यांना ठाऊक आहे.

१७ एप्रिल १८६१ रोजी मद्रासच्या नुंगमबाक्कम येथील वेधशाळेतून नॉर्मन पॉगसन यांना एक नवा लघुग्रह दिसला. लघुग्रहांच्या यादीत त्याचा क्रमांक ६७. आशिया खंडातून सापडलेला हा पहिलाच, म्हणून त्याचे नाव ‘एशिया’. पॉगसन इंग्लंडहून त्याच वर्षी सरकारी नोकरीवर येथे आले होते. पुढे तीस वर्षे त्यांनी येथेच काम केले आणि १८९१ साली याच शहरी देह ठेवला.

लघुग्रह दुर्बिणीतून ताऱ्यासारखाच, ठिपक्याएवढा दिसतो. तो ताऱ्यांमधून हळूहळू सरकतो, एवढाच भेद. आणि तोही रात्रीमागून रात्री नकाशाशी ताडून पाहिल्यावाचून कळत नाही. शिवाय दिसला म्हणजे सापडला, असेही नाही. निरनिराळ्या रात्रींची निदान तीन अचूक स्थाने हाती असतील, तरच त्याची कक्षा मांडता येते. कक्षा ठाऊक नसली, तर सूर्याच्या तेजात लोपलेला हा ठिपका पुन्हा कोठे शोधावा हेच उमगत नाही. पहिला लघुग्रह सीरीस १८०१ साली असाच हरवला होता. गाउस या तरुण गणितज्ञाच्या आकडेमोडीमुळे तो पुन्हा गवसला.

‘एशिया’ची कक्षा मंगळ आणि गुरू यांच्यामधील मुख्य पट्ट्यात आहे. तो सूर्यापासून सरासरी ३६ कोटी किलोमीटर अंतरावर फिरतो. कक्षा लंबवर्तुळाकार असल्याने हे अंतर कधी साडेएकोणतीस कोटींपर्यंत घटते, तर कधी ४३ कोटींपर्यंत वाढते. एका प्रदक्षिणेस सुमारे पावणेचार वर्षे लागतात; तेवढ्यात मंगळाच्या जवळजवळ दोन प्रदक्षिणा होतात. त्याचा व्यास सुमारे ६० किलोमीटर, म्हणजे ढोबळमानाने येथून महाबलीपुरमपर्यंतचे अंतर. तेजातील नियमित चढउतारावरून तो स्वतःभोवती सुमारे १६ तासांत फिरतो, असे कळले.

तो पाषाणी जातीचा आहे. कोळशासारख्या काळ्या लघुग्रहांच्या मानाने या जातीचे लघुग्रह उजळ असतात. त्यांच्या घडणीत ऑलिव्हिन व पायरॉक्सिन ही खनिजे आणि थोडे लोह-निकेल असते. जपानच्या ‘हायाबुसा’ यानाने २०१० साली इटोकावा या याच जातीच्या लघुग्रहावरील धूळ पृथ्वीवर आणली. पृथ्वीवर पडणाऱ्या सर्वसाधारण पाषाणी उल्कांचे मूळ अशा लघुग्रहांत आहे, याची त्या धुळीने साक्ष दिली.

आपल्या मंडळाच्या पन्नास वर्षांत ‘एशिया’च्या तेरा प्रदक्षिणा पूर्ण झाल्या. आज तो कोणत्या रात्री कोठे असेल हे सांगता येते, कारण पहिल्या दर्शनानंतर कोणीतरी कंटाळा न करता त्याची स्थाने नोंदवीत राहिले. संस्थेचेही असेच आहे. स्थापना एका सायंकाळी होते. पुढील वर्षांची वर्गणी, इतिवृत्ते आणि मुलांचे मराठीचे वर्ग यांनीच ती टिकते. बदलीवर येणाऱ्या आणि जाणाऱ्या आपल्यासारख्या कुटुंबांच्या मंडळात ही नोंद खंडित झाली, तर पुढच्या पिढीने आपणांस कोठे शोधावे?

नुंगमबाक्कमच्या हवामान कार्यालयाच्या आवारात जुन्या वेधशाळेचा १७९२ सालचा ग्रॅनाइटचा स्तंभ आजही उभा आहे. रीतसर परवानगी काढून मुलांना तो एकदा अवश्य दाखवावा, आणि ‘एशिया’ची ही हकीकत त्यांना मराठीतून सांगावी, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.