वाचनालय तळमजल्यावर आणा
(रौप्यमहोत्सवी समारंभातील भाषण)



पंचवीस वर्षांत आपण रस्ते केले, बोअर केली, झाडं लावली, वाचनालयही काढलं. आज मी त्या वाचनालयावरच बोलणार आहे.

गेली काही वर्षं मला छापील अक्षर दिसत नाही. पण वाचन सुटलं नाही. मोबाईल वाचून दाखवतो, मी ऐकतो. तेव्हा दया नको, वाचक म्हणून बोलतो आहे.

कायदा आपल्या बाजूनं आहे. २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीमुळे दिव्यांगांसाठी पुस्तकाची ब्रेल किंवा ध्वनिमुद्रित प्रत नफ्याविना काढता येते. याच विषयावरचा माराकेश करार २०१४ मध्ये सर्वांत आधी भारतानं मंजूर केला. २०१६ मध्ये ‘सुगम्य पुस्तकालय’ हे ऑनलाइन ग्रंथालय सुरू झालं. छापील मजकूर वाचू न शकणाऱ्यांना त्याचं सभासद होता येतं.

मग अडतं कुठं? जिन्यावर! आपलं वाचनालय पहिल्या मजल्यावर, लिफ्ट नाही. दिव्यांग येत नाहीत म्हणून सोय नाही, अन् सोय नाही म्हणून ते येत नाहीत. आता सांगा राजेहो, सुरुवात कोणी करायची?

आपल्या वर्ध्यात याचं उत्तर आहे. सेवाग्रामला परचुरे कुटी पाहिली असेल. कुष्ठरोगी म्हणून लोक ज्यांना टाळत, त्या परचुरे शास्त्रींना गांधीजींनी आश्रमातच जागा दिली, त्यांची शुश्रूषा स्वतः केली. दूर कोपरा दिला नाही. आपणही दिव्यांगांसाठी वेगळं कपाट नको, तेच वाचनालय सर्वांना उघडं करू.

माझ्या तीन सूचना आहेत. कार्यालय वर न्या, वाचनालय खाली आणा. दाराशी उतार करा. एक फूट उंचीला बारा फूट लांबी धरा, म्हणजे व्हीलचेअर सहज चढते. दुसरी, टेबलावर एक मोठं भिंग ठेवा आणि सभासदत्वाच्या अर्जात एक ओळ वाढवा : ‘वाचायला काय मदत लागेल?’ तिसरी, दर रविवारी मुलांनी तासभर मोठ्यानं वाचावं, आणि ज्यांना हवं त्यांचं ‘सुगम्य’चं नाव नोंदवून द्यावं.

खर्च फार नाही. आणि हे चार-दोन जणांसाठीच आहे असं समजू नका. सोसायटी झाली तेव्हा दोन-दोन पायऱ्या चढणारे आपण आज कठडा धरून चढतो. पुढच्या सर्वसाधारण सभेत हा ठराव मी मांडणार आहे. अनुमोदनाला हात वर करा, एवढीच विनंती.