तंबू कुठे ठोकायचा?

बचत गटाच्या कामातल्या गोष्टी सांगायला मी दर महिन्याला तुमच्यासमोर येते. कधी कर्जाचे हप्ते, कधी पापडाचं पॅकिंग, कधी बँकेचा फॉर्म. आजचा विषय जरा वेगळा आहे. मोटारींच्या शर्यतीला मुक्कामाचे तंबू लावायचे असतील, तर जागा कशी निवडायची?

तुम्ही म्हणाल, ताई, मोटारींच्या शर्यतीशी आपला काय संबंध? मलाही गेल्या वर्षापर्यंत असंच वाटायचं. पण आता आपल्या माणदेशातल्या माळावरसुद्धा जीपच्या शर्यती होऊ लागल्यात. चिखलातून, खडकावरून, ओढ्यातून गाडी काढायची, कमी वेळात आणि कमी चुका करून. पुण्या-मुंबईची, कोल्हापूरची मंडळी येतात, दोन रात्री राहतात. जवळ लॉज नाही. मग त्यांना जेवण लागतं, पाणी लागतं, झोपायला तंबू लागतात. हे काम गेल्या वर्षी आमच्या ग्रामसंघाला मिळालं. तीस तंबू, आणि दोन दिवसांचं जेवण. चुलीवरची भाकरी, पिठलं, खर्डा.

जागा मी निवडली. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे.

शर्यतीच्या ट्रॅकला लागून, ओढ्याच्या काठी, एक सपाट तुकडा होता. काळी मऊशार जमीन, खुंटी हातानं दाबली तरी आत जावी अशी. वर एक मोठं लिंबाचं झाड. मला वाटलं, सावली आहे, पाणी जवळ आहे, पाहुण्यांना तंबूतूनच शर्यत दिसेल, आणखी काय पाहिजे? आमच्या गटात एक आत्या आहेत. वय साठीच्या पुढं. धनगराच्या घरच्या, सगळी हयात मेंढरांमागं गेलेली, वर्षातले कितीतरी महिने उघड्यावर पाल ठोकून राहिलेल्या. त्या दिवशी त्या जागेवर उभ्या राहिल्या, इकडंतिकडं बघितलं आणि एवढंच म्हणाल्या, "बाय, हितं मी मेंढरं बी बसवणार न्हाई."

मी हसले. माझ्या हातात नकाशा होता, मोबाईल होता, आणि बीए झाल्याचा थोडा ताठाही होता. "आत्या, दसरा झाला, आता कुठला पाऊस," असं म्हणून मी विषय संपवला.

शनिवारी रात्री साडेअकराला परतीचा पाऊस आला. तासभर ओतला. ओढ्याचं पाणी तंबूत शिरलं नाही, देवाची कृपा, पण वरच्या माळाचं सगळं पाणी त्या सपाट तुकड्यात येऊन उभं राहिलं. अकरा तंबू पाण्यात. मऊ मातीतल्या खुंट्या उपटल्या आणि चार तंबू आडवे झाले. ज्वारीच्या पिठाची दोन पोती भिजली. आमच्यातली एकजण सहा महिन्यांचं बाळ घेऊन आली होती. ती बाळाला पोटाशी धरून त्या लिंबाखाली उभी, आणि वर विजा कडाडतायत. आत्यांनी तिला दंडाला धरून ओढत नेलं आणि एका पाहुण्यांच्या बंद जीपमध्ये बसवलं. रात्रभर आम्ही गाड्यांमध्ये बसून काढली. कोणाला इजा झाली नाही. पण त्या झाडाखालचं दृश्य आजही डोळ्यांपुढून जात नाही.

पुढच्या बैठकीत नुकसानीचा हिशोब मी वाचला. खालमानेनं वाचला. आत्या काही बोलतील असं वाटत होतं. त्यांनी विचारलं ते एवढंच, "पीठ किती भिजलं म्हणालीस?"

पुढं माझ्या पुण्यातल्या भाच्याला मी हे सांगितलं. तो गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात आहे, शर्यतींचा शौकीन. तो म्हणाला, "मावशी, वाईट वाटून घेऊ नकोस, हे सिल्व्हरस्टोनलाही झालंय." सिल्व्हरस्टोन हे इंग्लंडमधलं गाव. दुसऱ्या महायुद्धातल्या जुन्या विमानतळावर तिथं शर्यतीचा ट्रॅक झाला. १९५० साली फॉर्म्युला वनच्या जागतिक अजिंक्यपदाची पहिली शर्यत तिथंच झाली. आजही शर्यतीच्या दिवसांत आसपासचे शेतकरी आपली रानं तंबूंसाठी भाड्यानं देतात. एरवी ही शर्यत उन्हाळ्यात, जुलैच्या सुमारास असते. २००० साली ती एप्रिलमध्ये, ईस्टरच्या वेळी घेतली. पाऊस लागला, गाड्या लावायच्या शेतांचा चिखल झाला, आणि शनिवारी आयोजकांना लोकांना सांगावं लागलं की आज येऊ नका. एवढी मोठी स्पर्धा, एवढा पैसा, आणि अडलं कशावर? मातीवर. ते ऐकून मला जरा धीर आला, आणि लाजही वाटली. कारण त्यांच्याकडं आमच्या आत्या नव्हत्या. माझ्याकडं होत्या.

म्हणून यंदा जागा बघायला आत्या पुढं आणि मी वही घेऊन मागं. त्या दिवशी जे लिहून घेतलं, ते तुम्हाला सांगते. जत्रेत पाल लावायचं असो, वारीत राहुटी असो की शर्यतीचा मुक्काम, हे सगळीकडं चालेल.

आत्यांनी आधी पाणी बघितलं. आभाळातलं नाही, जमिनीवरचं. पाणी कुठून आलं आणि कुठं थांबलं, हे माती लिहून ठेवते. जिथं मातीवर पापुद्रे सुटलेत, भेगा पडल्यात, तिथं पाणी साचून वाळलेलं असतं. ओढ्याकाठच्या बाभळीत काडीकचरा किती उंचीवर अडकलाय, ते बघा. तेवढं पाणी तिथं येऊन गेलंय. लव्हाळा उगवलाय म्हणजे खाली ओल आहे. हे सगळं सोडून त्या मुरमाड जागेवर गेल्या, जिथं जरासा उतार होता. मी म्हटलं, इथं खुंटी जाणार नाही. त्या म्हणाल्या, "पहारीनं भोक पाड. जी सुखासुखी जाती, ती सुखासुखी निघती." उतार असला की डोकं वरच्या बाजूला करून झोपायचं, आणि तंबूच्या वरच्या अंगाला वीतभर खोल चर काढायचा, म्हणजे पाणी वळून जातं.

दुसरी गोष्ट झाडाची. एकट्या उंच झाडाखाली तंबू नको. टेकडीच्या माथ्यावरही नको. वीज उंच वस्तू शोधते. गडगडाट ऐकू आला की तंबूत थांबू नका, पक्क्या घरात नाहीतर पत्र्याचं छत असलेल्या बंद गाडीत जाऊन बसा. पुण्याच्या आयआयटीएम या संस्थेनं तयार केलेलं 'दामिनी' नावाचं ॲप आहे, जवळपास वीज पडायचा धोका असला की ते सांगतं. आता आमच्या प्रत्येक गटात निदान एकीच्या मोबाईलवर ते आहे.

तिसरी गोष्ट शर्यतीची. ट्रॅकजवळची जागा सगळ्यांना हवी असते. पण वळणाच्या बाहेरच्या अंगाला तंबू कधीच नको, कारण ताबा सुटलेली गाडी बाहेरच्या बाजूलाच जाते. ट्रॅक उतारावर असेल तर त्याच्या खालच्या बाजूलाही नको, चाकाखालचे दगड खाली येतात. आवाजाचंही तसंच. ८५ डेसिबलच्या आवाजात आठ तासांपेक्षा जास्त राहिलं तर कानांना धोका, असं मानतात. मोकळ्या रानात अंतर दुप्पट केलं की आवाज साधारण ६ डेसिबलनं उतरतो. त्यामुळं पाचपन्नास पावलं मागं सरकण्यात तोटा नाही. लहान लेकरू घेऊन आलेल्यांना आणि वयस्कर पाहुण्यांना तर सगळ्यात लांबचा तंबू द्या. आणि धूळ! पाऊस सरताना वारा दिशा बदलतो. आदल्या दोन दिवशी पहाटे आणि सांजच्याला जाऊन मूठभर माती हवेत सोडायची. ती ज्या बाजूला उडते, त्या बाजूला स्वयंपाक मांडायचा नाही. नाहीतर पिठल्यात माळ येतो.

चौथी गोष्ट जनरेटरची. त्याच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू असतो. त्याला वास नाही, रंग नाही. झोपलेल्या माणसाला कळतच नाही. म्हणून जनरेटर तंबूंपासून लांब आणि वारा तंबूंकडून त्याच्याकडं जाईल असा. थंडी वाजली म्हणून पेटती शेगडी बंद तंबूत घेणंही तितकंच घातक. हे पाहुण्यांनाही स्पष्ट सांगायचं, संकोच करायचा नाही.

पाचवी गोष्ट, आपली. बायकांचे तंबू कडेला, एकटे लावू नका. दारं समोरासमोर ठेवा. संडास फार लांब नको, फार जवळ नको, आम्ही साठ पावलं धरली. पाण्याच्या टाकीपेक्षा तो उताराला खाली हवा. आणि दिवा तंबूवर नको, वाटेवर हवा. गेल्या वर्षी झगझगीत दिवा आमच्या तोंडावर आणि संडासाची वाट अंधारात, अशी गंमत होती. दोघी बायका रात्री पाणी पिणंच टाळत होत्या, हे मला नंतर कळलं. जागा निवडताना हा प्रश्न आधी विचारायचा असतो: रात्री दोन वाजता एकटीला इथून तिथं जाता येईल का? जागरणाची पाळी लावा. ११२ हा नंबर सगळ्यांना पाठ हवा.

सहावी गोष्ट सरपटणाऱ्यांची. दगडांचा ढीग, कडब्याची गंजी, जुनी ताल यांच्याजवळ तंबू नको. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्यांना चावते, पुष्कळदा चावल्याचं लक्षातही येत नाही. जमेल तिथं खाट, नसेल तर मच्छरदाणी आणि तिच्या कडा अंथरुणाखाली खोचलेल्या. चावलंच, तर आवळून बांधायचं नाही, कापायचं नाही, मंत्रात वेळ घालवायचा नाही. १०८ ला फोन आणि सरळ दवाखाना.

आणि शेवटची गोष्ट रस्त्याची. तंबूंच्या मधून रुग्णवाहिका जाईल एवढी वाट मोकळी ठेवा. रात्री गाड्या मागं घेतात तिथं कुणी झोपायचं नाही. तंबूच्या दोऱ्यांना आम्ही जुन्या पांढऱ्या लुगड्याच्या चिंध्या बांधल्या. अंधारात दिसतात, कुणी अडखळत नाही. एका पाहुण्यांनी तर त्याचा फोटो काढला.

जागा कुणाची आहे, हेही आधी बघा. गायरान असेल तर ग्रामपंचायतीची परवानगी लेखी घ्या. आम्ही यंदा आमच्याच एका सदस्याचं पडीक रान घेतलं, भाडं ठरवून कागद केला. तिच्या घरात पहिल्यांदा त्या मुरमाड तुकड्याचे पैसे आले.

आता तुम्ही विचाराल, मग यंदा पाऊस किती आला? मैत्रिणींनो, यंदा पाऊस आलाच नाही. दोन्ही दिवस लखलखीत ऊन. आणि पाहुण्यांतले एकजण कुरकुरले, "ट्रॅकपासून तीनशे पावलं चालायला लावता, कशासाठी?" मला उत्तर सुचेना. भाकरी थापत बसलेल्या आत्याच म्हणाल्या, "दादा, पाऊस न्हाई आला म्हणून जागा चुकीची होत न्हाई."

शर्यत संपल्यावर हिशोब केला. मजुरीच्या पानावर स्वयंपाक, भांडी, तंबू लावणं, राखण असे रकाने होते. मी त्यात आणखी एक ओळ लिहिली, 'जागा पाहण्याची मजुरी, दोन दिवस', आणि पुढं आत्यांचं नाव. आत्या म्हणाल्या, "ह्याचे कुणी पैशे देत असतंय व्हय? नुसतं तर बघितलं." सगळ्या गटानं एकमुखानं सांगितलं, देतात. मग त्यांनी सही केली. सही त्या चार वर्षांपूर्वी गटातच शिकल्या. अजून एकेक अक्षर सावकाश काढतात.

तुमच्या गटातही अशी एखादी आत्या असेल, जी नुसतं बघते. पुढच्या वेळी तंबू ठोकायच्या आधी तिला पुढं घाला, आणि तुम्ही वही घेऊन मागं चाला. आणि हो, तिचं नाव मजुरीच्या पानावर लिहायला विसरू नका.

पुढच्या महिन्यात भेटूच. तोवर रामराम.